दत्तविधान कीं परवाना?

दत्तक घेणें ही आपल्या समाजांत कांहीं नवी गोष्ट नव्हे. निपुत्रिक माणसानें आपल्या मागें पिंड देणारा व घराण्याचें नांव चालविणारा कोणी असावा म्हणून भावाचा मुलगा मांडीवर घ्यावा, ही चाल आपल्याकडे इतकी जुनी आहे कीं तिच्याविषयीं कोणी वाद घालीत बसत नाहीं. परंतु ह्या जुन्या विधीचा एक अगदीं नवा उपयोग अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून बोलला जाऊं लागला आहे. काका अमेरिकेंत स्थायिक झालेला व तेथील नागरिक. पुतण्या इकडे पंचविशी ओलांडलेला, शिकला-सवरलेला, परंतु व्हिसाच्या रांगेंत अडकलेला. तेव्हां काकानें पुतण्यास यथाशास्त्र दत्तक घ्यावें, दत्तकपत्र सब-रजिस्ट्रारच्या कचेरींत नोंदवावें, आणि 'मुलगा' ह्या नात्यानें त्याला तिकडे बोलावून घ्यावें, अशी ही युक्ति आहे. ती सांगणारे लोक अडाणी नसतात. पदवीधर असतात, कांहीं तर वकिलीची सनद बाळगणारे असतात. आणि ती सांगतांना 'आपल्या शास्त्राला हें मान्य आहे' असें मोठ्या ठसक्यानें सांगतात. आमचें म्हणणें असें कीं ही युक्ति निष्फळ तर आहेच, परंतु निष्फळ असूनही ती निरुपद्रवी नाहीं. अमेरिकेचें सरकार तिनें यत्किंचितही फसत नाहीं. फसतो तो मांडीवर बसविलेला मुलगा.

ह्या युक्तीला बळ कोठून मिळतें हें प्रथम पाहूं. नंदपंडितानें आपल्या 'दत्तकमीमांसें'त कालिकापुराणाच्या आधारें पांच वर्षांपुढचा मुलगा दत्तकास अपात्र ठरविला. महाराष्ट्रानें मात्र नंदपंडिताचें ऐकलें नाहीं. मूळ पैठणच्या, पण काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठानें सतराव्या शतकांत 'व्यवहारमयूख' लिहिला. त्यांत त्यानें आपल्या वडिलांचें मत आदरानें नमूद केलें आहे कीं लग्न झालेला, किंबहुना पुत्रवान् असा पुरुषही दत्तक जाऊं शकतो. (महामहोपाध्याय काणे यांनीं १९२६ सालीं ह्या ग्रंथाची आवृत्ति काढली, जिज्ञासूंनीं ती अवश्य पाहावी.) मुंबईच्या हायकोर्टानें तेंच धोरण पुढें चालविलें, व १९२४ सालीं तर दत्तक जाणारा हा घेणाऱ्याहून वयानें वडील असला तरी हरकत नाहीं, इथपर्यंत मजल गेली. पुढें १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें पंधरा वर्षांची व अविवाहितपणाची अट घातली. परंतु 'तशी रूढि असल्यास गोष्ट वेगळी' ही सवलतही त्याच कलमांत ठेविली, आणि आमच्या प्रांतांत मोठ्या वयाचा दत्तक घेण्याची रूढि आहे हें सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं मान्य केलें. सारांश, तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप असलेला इंजिनियर महाराष्ट्रांत आपल्या काकाचा कायदेशीर पुत्र होऊं शकतो. काकाला स्वतःचा मुलगा किंवा नातू असेल तर मात्र तो दुसऱ्याचा मुलगा दत्तक घेऊं शकत नाहीं. हें कलम पुष्कळांच्या लक्षांतच नसतें, व त्यामुळें न्यू जर्सींत दोन मुलगे असलेले काकाही ह्या बेतांत हौसेनें सामील होतात.

येथवर सर्व ठीक. चूक होते ती पुढच्या पावलावर. आपल्या कायद्यानें जो पुत्र ठरला तो परक्या देशाच्या दारावरही पुत्रच ठरला पाहिजे, असें हे लोक गृहीत धरून चालतात.

अमेरिकेचा कायदा ह्या बाबतींत मुळींच संदिग्ध नाहीं. १९५७ सालीं दत्तक मुलाचा समावेश परदेशीयांच्या प्रवेशाच्या कायद्यांत प्रथम झाला, तेव्हां वयाची मर्यादा चौदा वर्षांची होती. १९८१ सालीं ती सोळा केली. आणि एकाच घरीं धाकटें भावंड दत्तक गेलें असेल तर थोरल्यापुरती ती अठरा करण्याची सवलत १९९९ सालीं मिळाली. म्हणजे दत्तविधान सोळाव्या वाढदिवसापूर्वीं झालेलें हवें. शिवाय मुलाचा कायदेशीर ताबा व प्रत्यक्ष सहवास दोन दोन वर्षें घडलेला हवा. आणि सज्ञान पुत्राविषयीं काय? तर त्या कायद्यांतला 'पुत्र' हा शब्द 'बालक' ह्या शब्दाच्या पोटांतून निघतो. जो कधीं काळीं 'बालक' ह्या व्याख्येंत बसला होता, तोच मोठेपणीं 'पुत्र' म्हणून बोलावतां येतो. पंचविसाव्या वर्षीं दत्तक गेलेला मनुष्य त्या व्याख्येंत कधींच बसला नव्हता, म्हणून तो अमेरिकेच्या दृष्टीनें आज पुत्र नाहीं आणि उद्यांही होणार नाहीं. विधि किती शास्त्रोक्त झाला, होम झाला कीं नाहीं, दत्तकपत्रावर किती साक्षीदारांच्या सह्या आहेत, ह्यांपैकीं कशाचाही तेथें उपयोग नाहीं. विशेष हें कीं अमेरिकेंतील बहुतेक संस्थानांत सज्ञान माणसास दत्तक घेण्याची तेथल्याच कोर्टाकडून परवानगी मिळते, आणि तरीही त्या हुकुमानें प्रवेशाचा वा नागरिकत्वाचा कांहींएक हक्क उत्पन्न होत नाहीं. मग पुण्याच्या सब-रजिस्ट्रारच्या शिक्क्यानें तो कसा व्हावा?

ह्या कडकपणामागें एक इतिहास आहे. १८८२ सालीं अमेरिकेनें चिनी मजुरांस बंदी केली. १९०६ सालीं भूकंपानंतरच्या आगींत सॅन फ्रान्सिस्कोचीं जन्माचीं दप्तरें जळालीं, आणि पुष्कळ चिनी लोकांनीं आपला जन्म तेथलाच असल्याचें सांगितलें. दप्तरच नसल्यामुळें तें खोडतां येईना. नागरिक ठरल्यावर चीनमध्यें आपल्याला इतके मुलगे आहेत असें ते लिहून देत, आणि त्या कागदावरच्या मुलांच्या जागा परक्या मुलांस विकत. १९१० ते १९४० पर्यंत एंजल बेटावरच्या ठाण्यांत अशा 'कागदी पुत्रां'ची तपासणी चाले: घराला पायऱ्या किती, शेजारी कोण राहतो, विहीर कोणत्या अंगाला. खरा मुलगा गोंधळून चुके, आणि विकत घेतलेला पाठ करून सुटे. बंदीचा तो कायदा अन्यायाचा होता ह्यांत शंका नाहीं, व तो १९४३ सालीं रद्दही झाला. परंतु कागदावर केलेल्या नात्याविषयींचा संशय तेथल्या सरकारी मनांत राहिला आहे. मुलगा खरोखर वाढविला काय, ही दोन वर्षांच्या सहवासाची अट त्या संशयाचें उत्तर आहे, आणि आमच्या मतें तें उत्तर पायऱ्या मोजण्यापेक्षां पुष्कळ माणुसकीचें आहे.

आतां आमच्या विद्वान् मित्रांचा आवडता दाखला घेऊं. ते म्हणतात, 'हें तर डलहौसीचेंच धोरण झालें! १८४८ सालीं साताऱ्याच्या अप्पासाहेबांनीं मरणसमयीं घेतलेला दत्तक कंपनी सरकारनें नाकारला. १८५३ सालीं झांशीच्या गंगाधररावांनीं घेतलेला दामोदरराव नाकारला. खाजगी मिळकतीपुरता दत्तक खरा, पण राज्यापुरता खोटा! आज अमेरिका तेंच करीत नाहीं काय?' हा दाखला ऐकावयास मोठा चटकदार आहे, व मराठी माणसाच्या रक्तांत तो एकदम भिनतो. परंतु तो येथें लागू पडत नाहीं. सातारचें राज्य १८१९ च्या तहानें महाराजांस व त्यांच्या वारसांस वंशपरंपरा दिलेलें होतें. 'वारस' हा शब्द कंपनीनें स्वतः लिहून दिला होता, व हिंदूंच्या कायद्यांत वारस म्हणजे दत्तकही, हें तिला चांगलें ठाऊक होतें. दिलेला शब्द फिरविला हा डलहौसीचा अपराध. १८६२ सालीं कॅनिंगनें संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा दिल्या त्या ह्याच अपराधाचें परिमार्जन म्हणून. अमेरिकेनें आमच्या काकांस असा कोणता तह करून दिला आहे? काकांस जें मिळालें तें त्यांच्या एकट्याचें नागरिकत्व होय. तें पाटीलकीसारखें वतन नव्हे, कीं निपुत्रिक वतनदारानें पाहिजे त्यास मांडीवर बसवून त्याच्या नांवें करावें. काकांचें घर, काकांची शिल्लक, काकांचे शेअर्स हे सर्व दत्तकाला मिळूं शकतें आणि तेथील सरकार आडवें येत नाहीं. देशाचें दार ही मात्र काकांची मिळकत नाहीं. राज्य व नागरिकत्व ह्यांतला हा भेद ज्यांना कळत नाहीं, त्यांनीं झांशीच्या राणीचें नांव व्हिसाच्या अर्जांत ओढूं नये.

दुसरा आक्षेप ह्याहून वजनदार आहे, आणि तो आम्ही झटकून टाकूं इच्छीत नाहीं. दोन सज्ञान माणसें लग्न करतात तेव्हां तें खरें कीं खोटें ह्याची चौकशी अमेरिकेचे अधिकारी करतात, व खरें ठरल्यास पतिपत्नीस एकत्र राहूं देतात. मग सज्ञान दत्तकासच चौकशीशिवाय दार बंद कां? खरेपणा तपासा आणि मग निर्णय द्या, असें म्हणण्यास काय हरकत आहे? ह्याला आमचें उत्तर असें कीं लग्नानें जो संसार उभा राहतो तो पुढें जगावयाचा असतो, म्हणून तपासतांही येतो. पंचविसाव्या वर्षींच्या दत्तकांत बालपण तर आधींच दुसऱ्याच्या घरीं सरलेलें असतें, आणि पुढें काय जगणार तें कोणासच ठाऊक नसतें. तपासावयाचें काय? आणि हा नियम एकट्या अमेरिकेचा असेंही नाहीं. जपानांत सज्ञान दत्तकाची चाल आपल्याहूनही जोरांत आहे. तेथील व्यापारी घराणीं जांवयास किंवा एखाद्या कर्तबगार माणसास दत्तक घेऊन पेढी चालवितात. तरीपण त्याच जपानच्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्यांत दत्तकास नागरिकत्व मिळविण्याची जी सवलत आहे, ती दत्तकसमयीं अज्ञान असलेल्यापुरतीच आहे. जर्मनींत सज्ञानास दत्तक घेतां येतें, पण नागरिकत्व पाहिजे तर दत्तकाचा अर्ज अठरा वर्षांच्या आंत झालेला हवा. इंग्लंडांत तर मनुष्य एकोणीस वर्षांचा झाल्यावर त्याच्या दत्तकाचा हुकूमच निघत नाहीं.

मात्र एका ठिकाणीं हा कायदा खरोखर निष्ठुर आहे, आणि तें येथें सांगितलेंच पाहिजे. आईबाप वारलेली एखादी मुलगी मावशीनें पांचव्या वर्षापासून सांभाळली. शाळेंत घातली, तिच्या तापांत उशापायथ्याशीं बसली. परंतु कागद करावयाचें कोणाच्या मनांतच आलें नाहीं, आणि आलें तेव्हां मुलगी सतरा वर्षांची होती. ह्या मुलीस आणि कालपर्यंत काकाचें तोंडही न पाहिलेल्या पुतण्यास कायदा एकाच मापानें मोजतो. हा अन्याय आहे, व त्याविरुद्ध ओरड झाली पाहिजे. ती उघडपणें केली तर ऐकली जाते ह्याचा पुरावाही आहे. दत्तकाचा अर्ज सोळा वर्षांच्या आंत कोर्टांत पडलेला असून हुकूम मागाहून झाला, व तेथील संस्थानाच्या कायद्यानें त्यास मागील तारखेपासून अंमल दिला, तर अशा दत्तकाचा विचार करतां येईल, असें अमेरिकेच्या ह्या विषयाच्या अपील मंडळानें २०१५ सालीं ठरविलें, आणि आपला जुना, नुसती तारीख पाहण्याचा निर्णय मागें घेतला. हें कोणी खोटें दत्तकपत्र करून मिळविलें नाहीं. खऱ्या नात्याची बाजू खरेपणानें मांडून मिळविलें. उलट, परवान्यासाठीं केलेला प्रत्येक दत्तक त्या सतरा वर्षांच्या मुलीच्या वाटेंत एक धोंडा टाकून ठेवितो.

ही युक्ति कोणीकडे नेते हें अमेरिकेंतच घडलेल्या एका प्रकरणावरून दिसेल. कॅलिफोर्नियांतील सॅक्रामेंटो येथें हेलमन हॅन्सन नांवाच्या गृहस्थानें २०१२ ते २०१६ ह्या चार वर्षांत सज्ञान दत्तकाचें दुकानच मांडलें होतें. परवान्याशिवाय राहणाऱ्या परदेशी लोकांस तो सांगे कीं अमेरिकन नागरिकानें तुम्हांस दत्तक घेतलें कीं तुम्ही नागरिक व्हाल. निदान ४७१ माणसें त्याच्या नादीं लागलीं. कोणाकडून साडेपांचशें डॉलर, कोणाकडून दहा हजारांपर्यंत, असे अठरा लाखांहून अधिक डॉलर गोळा झाले. ह्या मार्गानें नागरिक झालेला मात्र एकही नाहीं. २०१७ सालीं त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यांतील एक मुद्दा, म्हणजे परदेशीयांस बेकायदा राहण्याची चिथावणी देण्याविरुद्धचा कायदा भाषणस्वातंत्र्यास बाधक आहे काय हा, पुढें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, व २०२३ सालीं सात विरुद्ध दोन अशा मतांनीं तो कायदा कायम ठरला. वकीलमंडळी त्या मुद्द्याविषयीं पुष्कळ लिहितात. आमच्या मनांत घोळतात तीं त्या ४७१ जणांचीं घरें. तीं माणसें मूर्ख नव्हतीं. 'दत्तक' ह्या शब्दांत जो विश्वास आहे, त्याच्यावर तीं विसंबलीं. आमच्याकडे हाच शब्द काका उच्चारतो, आणि काका पैसे घेत नाहीं, एवढाच काय तो फरक.

आणि आमच्या मुलाचें नुकसान तर त्यांच्याहूनही अधिक आहे. १९५६ च्या कायद्याचें बारावें कलम म्हणतें कीं दत्तकाच्या तारखेपासून मुलाचे जन्मकुळाशीं असलेले सर्व संबंध तुटले असें समजावें. लग्नसंबंधाचा निषेध मात्र राहतो, व आधींच त्याच्या मालकीची झालेली मिळकत त्याची राहते. बाकी बाप मृत्युपत्राशिवाय वारला तर हा त्याचा वारस नव्हे. आईच्या दागिन्यांत, घरांत, शेतांत त्याच्या बहिणीचा वांटा निघेल आणि त्याचा निघणार नाहीं. पंधरावें कलम ह्याहून कडक आहे: एकदां यथाविधि झालेला दत्तक कोणासही रद्द करतां येत नाहीं, आणि दत्तक गेलेल्यानें म्हटलें तरी त्याला जन्मघरीं परत येतां येत नाहीं. म्हणजे जो दत्तक अमेरिकेंत अर्धा क्षणही चालत नाहीं, तोच येथें आजन्म चालतो. 'नुसता कागद आहे, पुढें पाहतां येईल' असें जे म्हणतात त्यांनीं हीं दोन कलमें एकदां घरांत मोठ्यानें वाचावीं. बरें, दत्तक खरोखर द्यावयाचा नव्हताच, नुसता देखावा होता, असें म्हणावें तर खोटें कागदपत्र केल्याचें आपणच कबूल केल्यासारखें होतें. आणि महत्त्वाच्या बाबतींत जाणूनबुजून खोटें सांगून व्हिसा मागणारास अमेरिका जन्मभरासाठीं अपात्र ठरवूं शकते. मग हा शिकलेला मुलगा उद्यां आपल्या गुणांवर, एखाद्या विद्यापीठाच्या वा कंपनीच्या आधारानें तिकडे जाऊं म्हणेल, तेव्हां त्याच्या काकांचा हा उपकार त्याच्या आड येईल.

ह्या सर्व खटाटोपांत आईला कोणी विचारतो काय, असा प्रश्न आम्हांस नेहमीं पडतो. कायद्यानें तिची संमति लागते, म्हणून तिची सही घेतात. पंचवीस वर्षें वाढविलेल्या मुलाच्या नांवापुढें आतां आपल्या पतीचें नांव लागणार नाहीं, दिराचें लागेल; आणि हें मुलाच्या कल्याणासाठीं आहे, असें तिला समजाविण्यांत येतें. ती सही करते. तिच्याजवळ बारावें कलम कोणी वाचून दाखवीत नाहीं.

काकांच्या अडचणीविषयीं आम्हांस सहानुभूति नाहीं असें कोणी समजूं नये. सत्तरी गाठलेला, पत्नी वारलेला, बर्फांत दार उघडून टपाल आणावयासही भिणारा मनुष्य आपल्या भावाच्या मुलाची वाट पाहतो, ह्यांत कपट नाहीं. आणि अमेरिकेच्या कायद्यांत भाच्यापुतण्यांसाठीं एकही वर्ग नाहीं, हें खरें आहे. भावाबहिणींचा वर्ग आहे. पण त्यास साऱ्या जगाला मिळून सालीना ६५,००० जागा, व कोणत्याही एका देशास साधारणपणें शेंकडा सातांहून अधिक नाहींत. त्यामुळें भारतीयांना त्या रांगेंत दीड तपाहून अधिक काळ तिष्ठावें लागतें, आणि भावाचा नंबर लागेतों त्याचा मुलगा एकवीस ओलांडून बहुधा यादींतून गळालेला असतो. ही व्यवस्था बदलावी म्हणून काका नागरिक आहेत, मतदार आहेत. त्यांनीं आपल्या प्रतिनिधीकडे जावें, आपल्या मंडळांतून ठराव करावे. गणेशोत्सवासाठीं सभागृह मिळविण्यास जेवढी खटपट तिकडचीं आमचीं मंडळें करतात, तिच्या दशांशही ह्या कामीं केलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. मिळकत पुतण्यास द्यावयाची असेल तर मृत्युपत्र करावें. त्याला बापाचें घर सोडावें लागत नाहीं. आणि खरोखर पुत्र म्हणून त्याला घ्यावयाचें असेल, व्हिसा न मिळाला तरी घ्यावयाचें असेल, तर अवश्य घ्यावें. नीलकंठ भट्ट त्यांच्या बाजूला आहे आणि आम्हीही आहों.

राहतां राहिले सोळा वर्षांखालील मुलांचे आप्त, ज्यांच्यापुरती ही वाट खरोखर उघडी आहे. तेथेंही आधीं दत्तकपत्र नोंदवून मग वकिलाकडे जाण्याची आमची रीत घातक आहे. आंतरदेशीय दत्तकाचा हेग येथील करार भारतास २००३ पासून व अमेरिकेस २००८ पासून बंधनकारक आहे. त्यामुळें घेणारा सख्खा काका असला तरी दिल्लीच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फत, ठरलेल्या क्रमानेंच सर्व व्हावें लागतें, व मुख्य अर्ज सोळावा वाढदिवस उजाडण्यापूर्वीं पडलेला असावा लागतो. ह्या कामांत महिन्यामहिन्याला मोल असतें. आणि नेमकें त्याच वेळीं आमच्या घरांतले वडीलधारे म्हणतात, 'एवढी घाई कशाला? मुलगा बारावी तर होऊं द्या.'